चार दिवसांचे शहर

युरोपात जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो : "काय काय पाहिलंत?" मग तो गृहस्थ बोटे मोजू लागतो. दहा दिवसांत सात देश, सात देशांत अकरा शहरे. सांगणारा खूश, ऐकणारा त्याहून खूश. "काय काय सोडलंत?" असे मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक थोड्या दिवसांच्या प्रवासातले सारे कसब या दुसऱ्या प्रश्नात आहे. मुंजीच्या यादीत कोणाची नावे घालायची हे पाच मिनिटांत ठरते. कोणाची गाळायची, यावर घरात आठ दिवस अबोला राहतो. प्रवासाच्या यादीचेही तसेच आहे.

येत्या मे महिन्यात आमचा व्हिएन्नाला जायचा बेत आहे. चिरंजीव आणि सूनबाई नोकरीनिमित्त म्युनिकला असतात. त्यांच्याकडे पाच आठवडे राहायचे आणि मधले चार दिवस आम्ही वडीलधाऱ्यांनी व्हिएन्ना पाहून यायचे, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले. वडीलधारी म्हणजे तिघे : मी, आमची सौ. आणि वहिनी. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. वय वर्षे शहात्तर, बुद्धी खणखणीत, गुडघे मात्र अधूनमधून संपावर जाणारे. दादांना जाऊन तीन वर्षे झाली. तेव्हापासून त्या आमच्याकडेच असतात.

बेत जाहीर होताच सल्लागार मंडळ जमले. धाकट्या पुतण्याने संगणकावर एक तक्ता करून पाठवला. त्यात सव्वीस ठिकाणे होती, आणि प्रत्येकापुढे वेळ मिनिटांसकट. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "एवढे लांब जाताय, तर बुडापेस्ट आणि प्राग करूनच या. सगळं हाकेच्या अंतरावर आहे." हाक जरा मोठी मारावी लागेल, पण बोलणे अगदीच खोटे नव्हते. व्हिएन्नाहून आगगाडीने बुडापेस्ट सुमारे पावणेतीन तास आणि प्राग सुमारे चार तास.

वहिनींनी तो सव्वीस ओळींचा तक्ता शांतपणे वाचला, चष्मा काढून डबीत ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही दोघं जाऊन या. मी म्युनिकला घर सांभाळीन. माझ्या गुडघ्यांपायी तुमचं बघायचं राहायला नको."

वाचकहो, आमच्या घरातल्या बायकांना ही एक विद्या चांगली अवगत आहे. यादीतून गाळायची वेळ आली की पहिले नाव त्या स्वतःचे गाळतात, आणि इतक्या गोड शब्दांत की समोरच्याला तो आपल्यावरचा उपकार वाटावा. मी तक्ता उलटा केला, पाठच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने रेघा मारल्या आणि म्हटले, "आता नव्याने मांडू."

आरंभ तासांच्या हिशेबाने केला. 'चार दिवस' हा शब्द मोठा फसवा. म्युनिकहून व्हिएन्नाला आगगाडीला साधारण चार तास लागतात. बुधवारी सकाळी निघालो तर दुपारी पोहोचणार, आणि शनिवारी दुपारी परत फिरणार. म्हणजे पुरे दिवस दोनच, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक तुकडा. त्यातून जेवणे, विश्रांती आणि येणेजाणे वजा केले की पाहण्यासाठी हातात उरतात ते फार तर चौदा तास. सव्वीस ठिकाणांना चौदा तास म्हणजे दर ठिकाणाला बत्तीस मिनिटे, आणि त्यात तिकिटाची रांग धरलेली नाही. बुडापेस्ट आणि प्राग यांचा निकाल येथेच लागला. शहर बदलायचे म्हणजे सामान बांधणे, स्टेशन गाठणे, नवे हॉटेल शोधणे, खोली मिळेपर्यंत खुर्चीत ताटकळणे. यात अर्धा दिवस जातोच जातो. चार दिवसांत तीन शहरे करणारा माणूस मुख्यतः फलाट पाहतो.

बुधवार ते शनिवार हे वारही विचारपूर्वक धरले. ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. दूध-पाव घ्यायचा तरी मोठे रेल्वे स्टेशन गाठावे लागते. सोमवारी तिकडच्या काही संग्रहालयांना सुट्टी असते. मे महिन्यात आणखी एक मेख आहे. ईस्टरनंतर एकोणचाळीसाव्या दिवशी, म्हणजे एका गुरुवारी, येशूच्या स्वर्गारोहणाची सार्वजनिक सुट्टी येते, आणि त्यानंतर पेंटेकोस्टचा सोमवार. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून तिकडचे कॅलेंडर पाहूनच गाडीचे तिकीट काढावे.

व्हिसाबद्दल पुष्कळांच्या मनात गोंधळ असतो, म्हणून दोन शब्द. शेंगेन व्हिसा एकच, आणि तो सध्या एकोणतीस देशांत चालतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते. अर्ज मात्र जेथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. आमचे पाच आठवडे जर्मनीत, म्हणून अर्ज जर्मनीकडे. व्हिएन्नाचे चार दिवस त्याच व्हिसात बसतात. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. जून २०२४ पासून मोठ्या माणसाला फी ९० युरो आहे, आणि युरो आताशा शंभर रुपयांच्या वर गेला आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. गाडीत पासपोर्ट मात्र पेटीच्या तळाशी ठेवू नये. सरहद्दीवर तपासणीस येऊ शकतात.

एवढी कागदपत्रे झाल्यावर मी मुख्य मुद्द्याकडे वळलो. म्हटले, "आता प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची. फक्त एक. बाकीचं शहर जाता-येता भेटेल तेवढं भेटेल."

सौ. शाळेत चित्रकला शिकवीत असत. त्यांचे उत्तर तयारच होते : "ब्रॉयगेलचं ते बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र. तीस वर्षं पोरांना छापील दाखवलं, एकदा खरं बघायचंय." हे १५६५ सालचे चित्र तेथल्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. उघडून १८९१ पासूनच्या या संग्रहालयात थोरल्या ब्रॉयगेलची डझनभर चित्रे आहेत. एका ठिकाणी इतकी जगात दुसरीकडे कोठे नाहीत.

मी म्हटले, मला सेंट स्टीफनच्या कॅथेड्रलमधली घंटा हवी. १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला आणि सप्टेंबरमध्ये तो मोडला. इकडे त्याच वर्षी संभाजीराजे गोव्याच्या पोर्तुगिजांवर चाल करून गेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे साल मनात पक्के बसते. तुर्कांनी मागे टाकलेल्या तोफा वितळवून १७११ मध्ये एक प्रचंड घंटा ओतली, तिचे नाव पुमेरिन. एप्रिल १९४५ मध्ये कॅथेड्रलला आग लागली आणि घंटा कोसळून फुटली. तिच्याच तुकड्यांतून १९५१ मध्ये नवी घंटा ओतली. तिचे वजन वीस टनांहून अधिक आहे. तोफेची घंटा, घंटेचे तुकडे, तुकड्यांची पुन्हा घंटा : हा प्रकार मला कोणत्याही राजवाड्याहून मोठा वाटतो.

राहिल्या वहिनी. "मला कुठलंही चालेल," हे त्यांचे नेहमीचे उत्तर. सौ. म्हणाल्या, "नाही वहिनी, आज 'चालेल' चालणार नाही." तेव्हा त्या उठल्या, आतून दादांची एक जुनी डायरी घेऊन आल्या आणि तिच्यात जपून ठेवलेले मासिकातले एक कात्रण त्यांनी टेबलावर ठेवले. पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले. त्यावर एका कारंज्याचे चित्र होते. "हे अजून आहे का हो तिथं?" त्यांनी विचारले.

दादांची सारी नोकरी मुंबईच्या पाणीपुरवठ्यात गेली. त्यांना राजवाडे, पुतळे कशाचे कौतुक नव्हते. "शहर बघायचं तर आधी त्याचा नळ बघावा," असे ते म्हणत. मुंबईला १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने आले, १८९२ मध्ये तानशाचे, ही साले त्यांना आमच्या वाढदिवसांपेक्षा पक्की पाठ होती. आणि पाण्याची गोष्ट निघाली की ते हटकून व्हिएन्नाला जाऊन पोहोचत.

ती गोष्ट अशी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हिएन्नात कॉलरा आणि विषमज्वर यांचा सुळसुळाट होता, कारण विहिरींचे पाणी दूषित. एदुआर्द झ्यूस नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने सांगितले की आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी थेट शहरात आणा. 'गोंडवनभूमी' हे प्राचीन भूखंडाचे नाव आपल्या गोंडवनावरून जगभर रूढ करणारे ते हेच झ्यूस. काम १८७० मध्ये सुरू झाले आणि २४ ऑक्टोबर १८७३ रोजी डोंगराचे पाणी शहरात आले. पंप नाही, काही नाही. पाणी आपल्या उताराने वाहत येते. १९१० मध्ये दुसरी वाहिनी झाली, ती सुमारे १८० किलोमीटर लांबीची. आजही व्हिएन्ना हेच पाणी पिते. पहिले पाणी आले त्या आनंदाप्रीत्यर्थ बांधलेले कारंजे श्वार्झेनबेर्गप्लाट्झ या चौकात आहे. वहिनींच्या कात्रणातले ते हेच.

"सेवानिवृत्त झालो की जाऊ, म्हणत होते," वहिनी म्हणाल्या. "मग माझे गुडघे, मग त्यांचं ते दुखणं." एवढे बोलून त्या कात्रणाची घडी घालू लागल्या.

मी पुतण्याचा तक्ता सुलटा करून पाहिला. सव्वीस ठिकाणांत हे कारंजे नव्हते. त्याचा दोष नाही. त्याला तिकीट नाही, रांग नाही, कोण त्याला यादीत घेणार? पण चार दिवसांचा बेत शहराकडे पाहून केला की तो सगळ्यांचा सारखाच होतो. जाणाऱ्या माणसांकडे पाहून केला तरच तो आपला होतो. मी पेन्सिलीने कोऱ्या बाजूच्या मधोमध 'शुक्रवार : कारंजे' असे लिहिले आणि बाकीचे सारे त्याभोवती रचीत गेलो.

बुधवार. दुपारी पोहोचून विश्रांती. संध्याकाळी फक्त ट्रॅममध्ये बसायचे. जुन्या शहराभोवती तटबंदी होती. ती पाडून टाकण्याचा हुकूम सम्राट फ्रान्झ योझेफने डिसेंबर १८५७ मध्ये काढला आणि तेथे जो रुंद रस्ता झाला तो रिंगश्ट्रासे. १८६५ मध्ये तो समारंभाने खुला झाला. मुंबईकरांना यात नवल वाटू नये, कारण बार्टल फ्रिअर साहेबाने त्याच दशकात आपल्या किल्ल्याचा तट पाडला, आणि आपण आजही किल्ला नसलेल्या भागाला 'फोर्ट' म्हणतो. ऑपेरा, पार्लमेंट, नगरभवन, विद्यापीठ, सारे या रस्त्यावर ओळीने उभे आहे. एका ट्रॅमने पुरे वर्तुळ होत नाही. १ आणि २ क्रमांकाच्या गाड्यांची श्वेडनप्लाट्झला अदलाबदल करावी लागते. गुडघ्यांना काम शून्य, डोळ्यांना भरपूर. तिकडे भुयारी रेल्वेला फाटके नाहीत, म्हणून कोणी फुकट जाण्याचा मोह धरू नये. विनातिकीट सापडल्यास दंड शंभर युरोंहून अधिक आहे. आपण कागदी तिकीट घेतले असेल तर ते यंत्रात घालून शिक्काही मारून घ्यावा लागतो.

गुरुवार. सकाळी शोनब्रुनचा राजवाडा. खोल्या १,४४१. घाबरू नका, दाखवतात त्या चाळीसएक. सहा वर्षांच्या मोझार्टने १७६२ मध्ये याच वाड्यात सम्राज्ञी मारिया थेरेसापुढे वाजवून दाखवले. तिकिटावर आत जाण्याची वेळ छापलेली असते, म्हणून ते घरूनच काढायचे. बाग मात्र विनामूल्य आहे. टेकडीवरची ती प्रसिद्ध कमान आम्ही खालूनच पाहणार. दुपारी हॉटेलात झोप. यात लाजण्यासारखे काही नाही. संध्याकाळी सौं.ची चित्रे. गुरुवारी ते संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडे असते, आणि सारे संग्रहालय पायांखाली घालण्याची शपथ आम्ही घेतलेली नाही. ब्रॉयगेलचे दालन पाहायचे, बाकावर बसायचे, परत यायचे.

शुक्रवार. सकाळी डी क्रमांकाच्या ट्रॅमने वरच्या बेल्वेडेअर राजवाड्यापर्यंत. तेथे क्लिम्टचे 'चुंबन' हे १९०८ च्या सुमाराचे सोनेरी चित्र आहे. ही पुतण्याची मागणी. त्याच्या सव्वीसांतले एक तरी राखले पाहिजे. राजवाड्याची बाग उताराची आहे आणि सारे लोक तेथून पायी खाली येतात. आम्ही येणार नाही. गुडघेदुखीवाल्यांना ठाऊक असते की चढ परवडतो, उतार नको. त्याच ट्रॅमने खाली आले की श्वार्झेनबेर्गप्लाट्झ. कारंज्याच्या मागे १९४५ मध्ये रशियनांनी उभारलेले युद्धस्मारक आहे, तेही दिसेलच. येथे किती वेळ थांबायचे, तो रकाना मी रिकामा ठेवला आहे.

तेथून एखाद्या कॉफीहाउसमध्ये. व्हिएन्नाच्या कॉफीहाउसचा धर्म असा की एक कॉफी मागवून दोन तास बसले तरी कोणी भुवई उंचावीत नाही. वर्तमानपत्रे लाकडी दांडीला लावून ठेवलेली असतात. आमच्यासारख्या शाकाहारी मंडळींनी एवढे सांभाळावे की निरुपद्रवी दिसणारी सुपे बहुधा गोमांसाच्या रश्शातली असतात. गोडाचा मात्र सुकाळ. सफरचंदाच्या श्ट्रूडेलची पोळी आपल्या मांड्यासारखी हातावर ताणून अशी पातळ करतात की खालचे दिसावे. दुसऱ्या एका श्ट्रूडेलमध्ये टोपफेन भरतात, तो जवळजवळ आपला चक्काच. आणि कॉफीबरोबर न मागता छोट्या तबकातून पाण्याचा एक पेला येतो. ते पाणी नळाचे असते. म्हणजे झ्यूस साहेबांच्या डोंगराचे.

शनिवार. सकाळी सेंट स्टीफन. दक्षिणेचा मनोरा १३६ मीटर उंच आणि ३४३ पायऱ्यांचा आहे. तो दुरून नमस्कार करण्यासाठी. उत्तरेच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, आणि माझी घंटा नेमकी तेथेच टांगलेली आहे. देव असतो तो असा. वरून छपराच्या रंगीत कौलांची नक्षी जवळून दिसते. मग दुपारची गाडी.

सोडले ते असे : १८९७ चे प्राटरमधले मोठे चक्र, पांढऱ्या घोड्यांची शाळा, बेटहोफेन आणि शूबर्ट यांच्या समाध्या असलेले मोठे दफनस्थान, आणि ऑपेराची रात्र. ऑपेरात उभ्याने पाहण्याची स्वस्त तिकिटे मिळतात, पण तीन तास उभे राहणे तरुणांना शोभते. ज्यांना संगीताचीच ओढ असेल, त्यांनी बाकीचे सारे गाळून तेच धरावे. मात्र जुलै-ऑगस्टात ते नाट्यगृह बंद असते. ज्यांच्याबरोबर लहान मुले असतील, त्यांनी शोनब्रुनच्या आवारातले १७५२ सालचे प्राणिसंग्रहालय धरावे. आज चालू असलेल्यांत ते जगातले सर्वांत जुने. त्यांची यादी आमच्यासारखी नसणार, आणि नसावीच.

पुतण्याने नवा बेत पाहून नाक मुरडले. "काका, सव्वीसातलं फारसं काही उरलंच नाही!" मी म्हटले, "तिघंच्या तिघं उरलो आहोत, ते बघ." शेजारचे गृहस्थ अजून प्रागवर अडून आहेत. वहिनी मात्र काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सौ.बरोबर जाऊन पायांत घालायचे मऊ बूट आणले आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी ते घालून सोसायटीच्या अंगणात चार फेऱ्या घालतात. मे महिन्याला अजून अवकाश आहे; फेऱ्या आता सहावर गेल्या आहेत.

यादी आमच्या फ्रिजवर लावलेली आहे. माझ्या अक्षरातल्या सात ओळी : ट्रॅम, राजवाडा, ब्रॉयगेल, बेल्वेडेअर, कारंजे, कॉफी, घंटा. काल सकाळी दूध काढायला गेलो, तर खाली आठवी ओळ दिसली. अक्षर वहिनींचे.

'रिकामी बाटली, एक. झाकण घट्ट पाहून घेणे.'